ॲपवरील वाहनसेवा आणि ग्राहकाचा न्याय

हिंजवडी हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे उभारलेल्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे ते देशभर ठाऊक झाले. भातशेतीच्या या परिसरात आज देशाच्या सर्व प्रांतांतील तरुण नोकरीसाठी येतात. त्यांपैकी अनेकांच्या कामाच्या वेळा रात्रीच्या असतात. लोहगावचा विमानतळ आणि पुणे रेल्वे स्थानक ही दोन्ही ठिकाणे येथून शहराच्या दुसऱ्या बाजूस पडतात. साहजिकच मोबाइलवरील ॲपद्वारे मागविलेली मोटार किंवा रिक्षा ही येथील दैनंदिन जीवनाची गरज झाली आहे.

या सेवेबाबतच्या तक्रारीही तितक्याच नित्याच्या आहेत. चालक भाडे स्वीकारतो, पण येत नाही. प्रवाशाने वाट पाहून मागणी रद्द केली, तर रद्द करण्याचा आकार त्याच्याच खात्यातून वजा होतो. आधी दाखविलेल्या भाड्यापेक्षा अधिक रक्कम आकारली जाते. दाद मागावी तर ॲपवर ठरावीक साच्याची उत्तरे येतात. रक्कम साठ-सत्तर रुपयांची असते. एखाद्या वेळी विमान किंवा मुलाखत चुकल्यामुळे काही हजारांची हानी होते. “एवढ्यासाठी कोर्टात कोण जाणार?” असे म्हणून बहुतेक प्रवासी गप्प बसतात.

वास्तविक अशा लहान रकमेच्या दाव्यांसाठीच कायद्याने एक सोपा मार्ग ठेवला आहे. त्यासाठी शुल्क पडत नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि कंपनीच्या गावी जावे लागत नाही. या मार्गाची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात, आणि वेळेवर मिळालेला योग्य सल्ला हा निम्मा न्याय असतो.

कोणते न्यायालय?

अमेरिकेत अशा तक्रारींसाठी ‘स्मॉल क्लेम्स कोर्ट’ असते. आपल्याकडे १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय अधिनियमाखाली लघुवाद न्यायालये आहेत आणि पुण्यातही असे न्यायालय आहे. तथापि तेथे दिवाणी दाव्याची रीत पाळावी लागते आणि न्यायालय शुल्कही भरावे लागते. सेवेत त्रुटी राहिल्याबद्दल दाद मागणाऱ्या ग्राहकासाठी अधिक सोयीचे ठिकाण म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग होय.

ग्राहक चळवळीशी पुण्याचे नाते जुने आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढे संसदेने केलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियमास २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या अधिनियमाची जागा आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घेतली असून त्याच्या प्रमुख तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या आहेत.

नव्या अधिनियमाने हिंजवडीच्या प्रवाशाच्या दृष्टीने एक फार मोठा बदल केला. १९८६ च्या अधिनियमानुसार सामनेवाल्याचे कार्यालय किंवा शाखा जेथे असेल, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच तक्रार दाखल करता येत असे. २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी जेथे काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. एखादा कर्मचारी मूळचा नागपूरचा असो वा बेळगावचा, तो हिंजवडीत नोकरी करीत असेल, तर पुणे जिल्हा आयोग त्याची तक्रार ऐकू शकतो. कंपनीचे मुख्यालय बंगळूरला किंवा गुरुग्रामला असल्याने यात फरक पडत नाही.

आयोगाची पायरी ठरते ती ग्राहकाने सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून. मागितलेल्या भरपाईवरून ती ठरत नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक रकमेची राष्ट्रीय आयोगाकडे जातात. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीवर शुल्क नाही. मोटारीच्या भाड्याची तक्रार या मर्यादेत सहज बसते.

सेवा कोणाची, जबाबदारी कोणाची?

तक्रार आयोगापुढे गेली की कंपनीचा नेहमीचा बचाव ठरलेला असतो. “आमची कंपनी वाहतूक करीत नाही. चालक स्वतंत्र आहे, गाडी त्याची आहे. आम्ही केवळ दोघांची गाठ घालून देतो,” असे कंपनी सांगते. या बचावाचे उत्तर समजून घेणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

ठाणे जिल्ह्यातील अतिरिक्त ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये दिलेला एक निकाल येथे मार्गदर्शक ठरतो. १२ जून २०१८ रोजी एका महिला प्रवाशाने मुंबई विमानतळावर जाण्यासाठी उबरची मोटार मागविली. विमान सायंकाळी ५-५० चे होते आणि अंतर सुमारे ३६ किलोमीटर. चालक वारंवार दूरध्वनी केल्यानंतर उशिरा आला, फोनवरील संभाषण संपेपर्यंत निघाला नाही, चुकीच्या रस्त्याने वळला आणि वाटेत गॅस भरण्यासाठी थांबला. विमान चुकले. त्यात भर म्हणजे अंदाजे ५६३ रुपयांऐवजी ७०३ रुपये भाडे आकारण्यात आले. तक्रारीनंतर कंपनीने १३९ रुपये परत केले; विमान चुकल्याच्या हानीबाबत मात्र दाद मिळाली नाही.

आयोगापुढे कंपनीने मध्यस्थ असल्याचा बचाव घेतला. आयोगाने तो मान्य केला नाही. ॲप कंपनीच्या ताब्यात आहे, व्यवहाराचे नियंत्रण कंपनी करते आणि प्रवासी पैसे देतो ते कंपनीच्या सेवेसाठी, असा त्याच्या विचाराचा आशय होता. मानसिक त्रासाबद्दल १०,००० आणि तक्रारीच्या खर्चाबद्दल १०,००० असे एकूण २०,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २० डिसेंबर २०१७ रोजी स्पेनमधील एका प्रकरणात असाच प्रश्न हाताळला होता. उबरची सेवा ही केवळ माहिती पुरविण्याची सेवा नसून वाहतूक क्षेत्रातील सेवा आहे, असे त्या न्यायालयाने ठरविले. तो निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही; तरीही भाडे कोण ठरवितो, चालक कोण निवडतो, पैसे कोण गोळा करतो, हे प्रश्न जगभर सारखेच आहेत, हे त्यावरून दिसते.

आपल्या मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने ‘समुच्चयक’, म्हणजेच ॲग्रिगेटर, ही संज्ञा आली आणि कलम ९३ खाली अशा कंपन्यांना परवाना आवश्यक झाला. तक्रार निवारणाची पुरेशी व्यवस्था नसल्याबद्दल दाखल झालेल्या एका जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगितले. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचे चारचाकी वाहनांसाठीचे अर्ज फेटाळले. परवान्याचा हा प्रश्न शासन आणि कंपनी यांच्यातील आहे. प्रवाशाने मोबदला दिला किंवा देण्याचे कबूल केले, की तो ग्राहक ठरतो आणि त्याचा हक्क परवान्याच्या वादावर अवलंबून राहत नाही.

पहिली पायरी : पुरावा त्याच दिवशी

ग्राहक आयोगातील प्रकरणे मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रे यांच्या आधारे निकालात निघतात. म्हणून तक्रारीचे यशापयश बहुधा घटनेच्या दिवशीच ठरते. ॲपवरील माहिती काही काळाने दिसेनाशी होऊ शकते. प्रवाशाने पुढील गोष्टी त्याच दिवशी जतन कराव्यात :

१. मागणी नोंदविल्याची वेळ, दाखविलेले अंदाजे भाडे आणि चालकाच्या आगमनाची सांगितलेली वेळ यांची पडद्यावरील चित्रे (स्क्रीनशॉट).
२. वाहनाचा क्रमांक आणि प्रवासाचा नोंद क्रमांक.
३. चालकाशी झालेला लेखी संवाद व दूरध्वनी केल्याच्या नोंदी.
४. बिल, बँकेचा किंवा यूपीआयचा व्यवहार दाखला.
५. प्रत्यक्ष मार्ग व अंतर दाखविणारा नकाशा.
६. हानीचा पुरावा : चुकलेल्या विमानाचे किंवा गाडीचे तिकीट, नव्या तिकिटाची पावती, दुसऱ्या वाहनाचे बिल.

अधिक भाड्याची तक्रार असल्यास प्रवासाच्या तारखेस लागू असलेला अधिकृत दर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून समजून घ्यावा. उदाहरणार्थ, पुणे क्षेत्रात १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरविण्यात आला होता. त्या हिशेबाने २५ किलोमीटरच्या प्रवासाचे भाडे ६२४ रुपये ५० पैसे होते. दर वेळोवेळी बदलतात. म्हणून तक्रारीत नेहमी त्या दिवसाचा दर नमूद करावा.

दुसरी पायरी : कंपनीकडे लेखी तक्रार

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. ग्राहकाने मागणी रद्द केल्यास त्याच्याकडून आकार घ्यावयाचा असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यास तिनेही तसाच भार सोसला पाहिजे, असेही हे नियम सांगतात. कंपनीला लिहिताना हा नियम अवश्य नमूद करावा.

ॲपमधील ठरावीक पर्यायांवर बोट ठेवून थांबू नये. ई-मेलने घटना, तारीख, रक्कम आणि मागणी स्पष्ट लिहावी व उत्तरासाठी पंधरा दिवसांसारखी मुदत द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी. पुष्कळ लहान प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात. कंपनीने देऊ केलेले पुढील प्रवासाचे कूपन स्वीकारणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीस असा आदेश दिला, की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपाने, हे निवडण्याची संधी ग्राहकास दिली पाहिजे. रिक्षाच्या प्रवासाचेही बिल देण्यास त्याच वेळी सांगण्यात आले.

तिसरी पायरी : आयोगाकडे तक्रार

तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ती आयोगाच्या कार्यालयात देता येते, तसेच ई-जागृती या संगणकीय व्यवस्थेद्वारे घरबसल्याही दाखल करता येते.

सामनेवाल्याचे नाव लिहिताना विशेष काळजी घ्यावी. ॲपचे नाव आणि कंपनीचे नोंदणीकृत नाव वेगळे असते. ओला ही सेवा एएनआय टेक्नॉलॉजीज या कंपनीची, तर रॅपिडो ही रोपन ट्रान्सपोर्टेशन सर्व्हिसेस या कंपनीची आहे. बिलावर किंवा सेवेच्या अटींमध्ये असलेले पूर्ण नाव व पत्ता लिहावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात काम करणाऱ्या एका प्रवाशाचे सकाळी ६-३० चे विमान आहे. त्याने पहाटे ३-४५ ला मोटार मागविली. चालकाने भाडे स्वीकारले, चाळीस मिनिटे गाडी एकाच जागी उभी राहिली आणि मग मागणी रद्द झाली. रद्द करण्याचे ६० रुपये प्रवाशाकडूनच कापले गेले. दुसरे वाहन मिळेपर्यंत उशीर झाला आणि ६,२०० रुपयांचे नवे तिकीट काढावे लागले. जुन्या तिकिटावरील काही करांचे ७०० रुपये विमान कंपनीने परत केले.

या प्रवाशाने ६० रुपयांचा परतावा मागावा. तिकिटाच्या हानीसाठी ६,२०० मधून मिळालेले ७०० वजा करून ५,५०० रुपये मागावेत. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांसाठी वेगळी, माफक रक्कम लिहावी. मिळालेला परतावा लपविल्यास संपूर्ण तक्रारीवरील विश्वास डळमळतो. त्याचप्रमाणे आपण पुरेसा वेळ हाताशी ठेवून मागणी नोंदविली होती, हे दाखविणे आवश्यक आहे. विमान चालकाच्या दोषामुळे चुकले की प्रवासी मुळातच उशिरा निघाला, हा प्रश्न आयोग निश्चितच विचारील.

सेवेच्या अटींमध्ये वाद लवादाकडे नेण्याचे कलम असते, ते पाहून काही जण माघार घेतात. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा अधिकार संपत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात कायम ठेवली आहे.

सुनावणी आणि अंमलबजावणी

तक्रार दाखल करून घेण्याबाबतचा निर्णय सामान्यतः २१ दिवसांत व्हावा, अशी तरतूद आहे. तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. त्यानंतर सामनेवाल्यास नोटीस जाते. लेखी म्हणणे मांडण्यासाठी त्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत ४५ दिवसांपलीकडे वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. तडजोडीची शक्यता असल्यास उभय पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठविता येते. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते. रात्रपाळीत काम करणाऱ्यास ही सोय मोलाची आहे.

अधिनियमानुसार शक्य तेथे तीन महिन्यांत निकाल व्हावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. ठाण्याच्या प्रकरणात घटना २०१८ ची आणि निकाल २०२२ चा होता. तक्रारदारास ही कल्पना आधीच द्यावी. मात्र निकालानंतर कंपनीला केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणे सोपे नाही. राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करताना आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चालकाचे गैरवर्तन, धमकी किंवा सुरक्षिततेस धोका असेल, तेव्हा आयोगाची वाट पाहू नये. ११२ क्रमांकावर पोलिसांशी तत्काळ संपर्क साधावा. भरपाईची तक्रार नंतर स्वतंत्रपणे करता येते.

एकट्याची तक्रार, अनेकांचे हित

एकाच प्रकारचा अन्याय अनेकांवर होत असेल, तर आयोगाच्या परवानगीने समान हित असलेल्या ग्राहकांच्या वतीने एक तक्रार दाखल करता येते. नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संस्थाही ग्राहकासाठी तक्रार करू शकते. याखेरीज कलम १६ व १७ अन्वये ग्राहकवर्गाच्या हक्कभंगाची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणास अहवाल देऊ शकतात. या तरतुदीचा उपयोग अद्याप पुरेसा होत नाही. एखाद्या गृहसंकुलातील किंवा कार्यालयातील पन्नास जणांनी आपापल्या नोंदी एकत्र करून दिल्या, तर साठ रुपयांची किरकोळ वाटणारी बाब प्रशासनापुढे एका प्रथेच्या रूपाने उभी राहते.

येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांचे कार्य सुरू होते. ग्रामपंचायतीच्या फलकावर १९१५ हा क्रमांक, दोन वर्षांची मुदत आणि पुराव्याची वरील यादी लावण्यास फारसा खर्च येत नाही. २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनी शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून नमुना तक्रार लिहून घेता येईल. बिल वाचणे, तारीखवार हकीगत मांडणे आणि नेमकी मागणी करणे, हे भाषेचे, गणिताचे आणि नागरिकशास्त्राचे एकत्रित शिक्षण आहे.

तक्रार करताना चालकाविषयीही विवेक बाळगावा. तो बहुधा कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली गाडी चालविणारा, आपल्याच आसपासच्या गावातील कष्टकरी असतो. व्यवस्था कंपनीची आहे आणि तिच्या त्रुटींचे उत्तरही कंपनीनेच दिले पाहिजे. साठ रुपये परत मागणारा नागरिक कोणावर सूड उगवीत नाही. ज्या सेवेसाठी आपण पैसे मोजले, तिचा हिशेब तो मागतो. आणि तो मागण्याची जागा कायद्याने त्याच्याच जिल्ह्यात ठेवली आहे.